पंख बांधू नये

"माझ्या इस्त्रीक काय लावलंस?" वनिताताईंनी विचारलं.

इस्त्रीला प्लास्टिक लागलं होतं. मी तसं सांगितलं.

"ता माका दिसता. कित्याक लावलंस?"

"पंखाला इस्त्री करत होतो."

वनिताताई एरवी माझ्याशी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली मराठी बोलायच्या. मालवणी सुरू झाली की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. घरापुढच्या अंगणात, खळ्यात, बारा फूट लांबीचा एक पंख आडवा पडला होता. विमानाला असतो तसाच, फक्त विमान नव्हतं. आत प्लायवूडच्या फासळ्या आणि थर्माकोल, वर पारदर्शक प्लास्टिक. ते प्लास्टिक इस्त्रीच्या उबेनं आक्रसतं आणि ढोलासारखं ताणून बसतं. बहुतेक ठिकाणी ते बसलं होतं. एका ठिकाणी ते इस्त्रीबरोबर आलं होतं.

"करू दी गो तेका," खुर्चीतून दाजी म्हणाले. "इस्त्रीचे कपडे घालून जातंस खंय तू?"

दाजी म्हणजे वनिताताईंचे वडील, भिकाजी मेथर. वय बहात्तर. त्यांनी पन्नास वर्षं शिडाच्या होडीवर काढली होती आणि दीड वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. पक्षाघाताला असं का म्हणतात मला माहीत नाही, पण त्यांना दुसरं काही होणं शोभलंही नसतं. तेव्हापासून डावा हात नुसता सोबत असायचा. तोंडाची डावी बाजू हसायची नाही, त्यामुळे ते हसले की अर्धे गंभीर दिसत.

आजारातून उठल्यावर एका पहाटे ते कोणाला न सांगता होडी घेऊन गेले होते. कापडाच्या शिडाचा दोर धरायला दोन हात लागतात आणि ते दोन्ही चालते असावे लागतात. जोराचा झोत आला, दोर हातातून गेला. दुपारी एका ट्रॉलरनं त्यांना आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी वनिताताईंनी ते शीड कापलं, त्याच्या कडा शिवल्या आणि पाहुणे जेवतात त्या पडवीवर सावलीला बांधून टाकलं. दाजी रोज सकाळी आपल्याच शिडाखाली बसून चहा प्यायचे. वर बघायचे नाहीत.

माझं नाव अभिनंदन. ओळख करून दिली की लोक "कशाबद्दल?" असं विचारतात. अभिनंदन चौगुले, राहणार इचलकरंजी. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात कॉलेजनं आणि मी एकमेकांना सोडलं होतं. चार दिवसांसाठी म्हणून, पैसे देऊन राहणारा पाहुणा म्हणून, वनिताताईंकडे उतरलो आणि सात महिने राहिलो. वयाच्या तेविसाव्या वर्षी, सबंध खाडीत ज्या घरचं बांगड्याचं तिखलं नावाजलेलं, त्या घरात मी, जैन असल्यामुळे, वरण-भात खात होतो. पाहुण्यांना छोट्या होड्यांमधून फिरवणं हे माझं काम. शिवाय त्यांना चेहरा न हलवता थापा मारणं, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. दाजी पूर्वी पाणबुडीवर होते आणि अजूनही तिचा पत्ता सांगत नाहीत, असं मी पुण्याच्या एका कुटुंबाला सांगितलं होतं. त्यांनी दाजींबरोबर फोटो काढून घेतले. इचलकरंजीत पाऊससुद्धा मागावर विणतात, असं मी दाजींना सांगितलं होतं. त्यांनी दोन दिवस त्यावर विचार केला होता.

म्हणून मी जेव्हा त्यांना सांगितलं की तुम्ही परत होडी चालवू शकाल, तेव्हा ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसले.

"खरा सांगतंस?"

"हो."

"पावसासारखा खरा, की खरा खरा?"

"खरा खरा."

"कापड नाय?"

"कापड नाही. कडक पंख. काठीवर मोकळा फिरतो. त्याच्या मागे एक छोटी शेपटी असते, तिला बारीक दोरी. शेपटी जराशी फिरवली की पंख आपोआप फिरतो आणि वारा धरतो. जोर लागत नाही. दोन बोटं पुरतात."

"माका पाच आसत," दाजी म्हणाले आणि उजवा हात वर केला. मग म्हणाले, "तुझ्या बापाशीचे चाळीस माग. आणि तू बिनकापडाचा शीड करतंस. तेका कळवलंस?"

"नाही."

"बरा केलंस."

त्यांना मासे धरायचे नव्हते. तेच त्यांना समजावून सांगता येत नव्हतं. आयुष्यात ते कधी उगाच पाण्यावर गेले नव्हते. जायचं ते जाळं घेऊन. आता त्यांना नुसतं जायचं होतं. "जातंय आणि येतंय," असं ते म्हणत, आणि पुढे काही सुचलं नाही की खाडीच्या तोंडाकडे हात करत.

वनिताताईंनी अट घातली. एकदा, त्यांच्या डोळ्यांसमोर, दाजींनी खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत जाऊन यायचं. मी होडीत बसायचं, पण हात मांडीखाली ठेवायचे. काही गडबड झाली नाही तर रोज सकाळी तासभर एकट्यानं जायला परवानगी. झाली, तर विषय कायमचा बंद. होडीसुद्धा देऊन टाकायची.

"कायमचा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे कायमचा," त्या म्हणाल्या. "आणि इस्त्री नवीन."

पंखाचा एकच नियम होता आणि तो खाडीवरच्या सगळ्या नियमांच्या उलट होता. तिथे जे जे सुटं असेल ते बांधतात. होडी बांधतात, वल्हं बांधतात, कौलांवर दोर टाकतात, पाहुण्यांच्या टोप्यासुद्धा बांधायला सांगतात. पंखाचं तसं नाही. कापडाचं शीड गुंडाळून ठेवता येतं, पंख गुंडाळता येत नाही. तो काठीवरून काढायला चार माणसं लागतात. त्यामुळे तो उभाच असतो. मोकळा सोडला तर छपरावरच्या वारा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखा आपोआप वाऱ्याकडे तोंड करतो आणि शांत राहतो. बांधला, की कुठूनही वारा आला तरी तो काम करायला लागतो, होडीत माणूस असो वा नसो.

हे मी पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होतो. शेवटी धक्क्याजवळच्या खोपीवर मी पाटी लावली : 'पंख बांधू नये. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, हे लिहिलं नाही. त्यामुळे लोक जास्त घाबरले.

दाजींना हे सगळ्यात जड गेलं. पन्नास वर्षं होडीतून उतरताना ते काही ना काही बांधूनच उतरले होते. सरावाच्या दिवसांत दोनदा त्यांचा हात पंखाकडे गेला आणि दोनदा मी ओरडलो. "कळला रे," ते म्हणाले. "मोकळा तो शाणो. बांधलेलो तो खुळो." मग खिशात हात घालून घरापर्यंत गेले, हात पळून जाईल अशा धास्तीनं.

आणि त्यांना विसर पडायला लागला होता. कोंबड्या विकून वर्ष झालं होतं, तरी ते रोज संध्याकाळी खुराड्याला कडी घालायचे. वनिताताई ती सकाळी काढून ठेवत. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

तो दिवस मार्गशीर्षातला होता. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहत होती, हलकी, अंगावर शहारा आणण्यापुरती. धक्क्यावर वनिताताई कमरेवर हात ठेवून उभ्या. शेजारचा प्रभाकर कुबल, ज्याला कुठलीही घटना स्वतः हजर राहिल्याशिवाय घडू द्यायला आवडत नसे, तोही उभा. मी हात मांडीखाली घातले. दाजींनी बारीक दोरी दोन बोटांत धरली.

पंख फिरला. आवाज काहीच झाला नाही. कापड फडफडतं, दोर करकरतो. हे काहीच नव्हतं. होडी निघाली एवढंच.

"गेली की रे," दाजी म्हणाले.

ते आधी मला मासेमारीतल्या गोष्टी सांगत होते, मग गप्प झाले. उलांडी, म्हणजे बाजूला आधाराला बांधलेलं ते लांब लाकूड, पाण्याला जेमतेम टेकत होती. वाळूच्या पट्ट्यापाशी त्यांनी दोरी जराशी सोडली, होडी वळली. मी पन्नास कागदांवर गणित करून ज्या कोनाला पोचलो होतो, तो त्यांनी मानेला वारा कुठे लागतो यावरून धरला. परत येताना ते रडत होते. अर्ध्या तोंडानं. त्यांनी दोरी सोडून डोळे पुसले नाहीत, कारण मग हात उरला नसता.

"मी पुसू का?" मी विचारलं.

"हात मांडयेखाली ठेव. ती बघता."

वनिताताईंनी धक्क्यावर त्यांना हाताला धरून उतरवलं. "बरा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून. एक तास. एकाच तासात परत येवचा." आणि शिरवाळे करायला निघून गेल्या, ते गोड शेवयांचं जेवण त्या घरात लग्न ठरलं तरच व्हायचं.

प्रभाकर कुबल म्हणाला, "माका पयल्यापासून म्हायत होता." त्यानं आदल्या दिवशी होडी बुडणार यावर नारळ लावला होता.

आता माझं.

जेवायच्या आधी मी होडी बघायला धक्क्यावर गेलो. एक कावळा पंखावर होता. चकचकीत प्लास्टिकमध्ये त्याला दुसरा कावळा दिसत होता आणि दोघांचं पटत नव्हतं. मी हाकलेपर्यंत त्यानं टोचून बोटभर भोक पाडलं होतं. उद्या सकाळी दाजी एकटे जाणार. मी ठिगळ कापलं, गोंद लावला. गोंदाच्या नळीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं : दोन तास हलवू नये.

पंख तर सारखा हलतो. हलण्यासाठीच तो केलेला. मी जरा वेळ हातानं धरून उभा राहिलो. वनिताताईंनी जेवायला हाक मारली. मग मी दोर घेतला, पंखाची मागची कड उलांडीच्या दांड्याला बांधली आणि दाजींनी शिकवलेली गाठ मारली. त्या गाठीला नाव नव्हतं. वाडीत तिला दाजींची गाठ म्हणत. मला तेवढी एकच गाठ येत होती. माझ्या मागे चार हातांवर माझी पाटी होती. दोन सूचनांपैकी मी नळीवरची पाळली.

दोन तासांनी सोडायची, असं ठरवलं. मग शिरवाळे जेवलो, नारळाच्या रसातले, चार वेळा. मग पडवीत आडवा झालो.

ओरडण्यानं जाग आली. दुपारचा खारा वारा सुटला होता, समुद्राकडून, रोजच्यासारखा. धावत गेलो तेव्हा होडी पालथी होती. उलांडी आभाळाकडे. पंख खाली चिखलात रुतून तीन ठिकाणी मोडला होता आणि थर्माकोलचे पांढरे मणी भरतीबरोबर खाडीत आत चालले होते, हजारो, बदकांच्या पिल्लांसारखे.

वाडीतल्या माणसांनी होडी उलटवली. प्रभाकर कुबलच्या हातात दांड्यावरचा दोर आला.

"बांधलेलो," तो म्हणाला. "कोणी बांधलो?"

त्यानं दोर डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"ही दाजींची गाठ," प्रभाकर म्हणाला. "आणि दाजी दुपारचे हय होते. मिया बघलंय. होडयेत बसलेले."

ते खरं होतं. सगळे आडवे झाल्यावर दाजी हळूच येऊन होडीत बसले होते. नुसते. उद्याच्या आनंदात. मग घरी जाऊन झोपले होते.

आता ते माणसांमागून आले. त्यांनी दोर बघितला, मग गाठ बघितली, मग आपला उजवा हात बघितला, उलटा आणि सुलटा.

"बाबा," वनिताताई म्हणाल्या, फार हळू. "तुमी बांधलास?"

"माका आठवणा नाय," दाजी म्हणाले. "गाठ माझीच आसा."

मी तोंड उघडलं. मी बांधली, हे दोन शब्द तयार होते. पण वीस माणसं माझ्याकडे बघायला लागली, आणि वीस माणसं बघायला लागली की माझ्या तोंडून काय येतं हे ते तोंडच ठरवतं.

"दाजी," मी म्हणालो, "होडीला पोहायला शिकवायचं होतं तर मला सांगायचंत. पोटाला डबा बांधला असता."

सगळे हसले. प्रभाकर तर खाली बसून हसला. दाजीही हसले, अर्धे. वनिताताई हसल्या नाहीत. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना घरी घेऊन गेल्या, कोणाला तरी पोचवायला नेतात तशा.

मी आठ दिवस गप्प राहिलो. त्या आठ दिवसांत दाजी बदलले. दार लावून आले की विचारायचे, "मिया दार लावलंय काय गो?" चहा प्यायल्यावर विचारायचे, प्यालो का. खुराड्याची कडी घालणं त्यांनी बंद केलं, कारण कोंबड्या आहेत की नाहीत याची त्यांना खात्री वाटेना आणि विचारायची लाज वाटू लागली. मी नवा पंख करतो म्हणालो तर म्हणाले, "नको. मी परत बांधतलंय." होडी त्यांनी स्वतःच पलीकडच्या काठावरच्या माणसाला द्यायला सांगितली. ती गेली, त्या दिवशी ते खळ्यात खाडीकडे पाठ करून बसले. पुढे तीन वर्षं ते होते. धक्क्यावर कधी आले नाहीत.

नवव्या दिवशी मी वनिताताईंना सांगितलं. त्या सुरमई कापत होत्या.

"ती गाठ मी मारली होती."

सुरी थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"तुझा मन चांगला आसा रे," त्या म्हणाल्या.

"नाही. मीच मारली. कावळ्यानं भोक पाडलं होतं. ठिगळ सुकेपर्यंत पंख हलायला नको होता."

"कावळो," त्या म्हणाल्या.

"त्याला काचेत कावळा दिसला. म्हणजे प्लास्टिकमध्ये. मग नळीवर लिहिलं होतं..."

मी बोलत होतो तसतसं ते मलाही थापेसारखं ऐकू यायला लागलं. पाणबुडीची गोष्ट याहून खरी वाटत होती. ठिगळ दाखवावं, तर पंखाचा तो तुकडा भरतीबरोबर गेला होता.

"पंधरा दिवस तूच सगळ्यांका सांगत होतस, बांधू नको म्हणान," वनिताताई म्हणाल्या. "पाटी तूच लावलंस. आणि तू बांधतलस?" त्यांनी पदरानं डोळे टिपले. "बाबांसाठी इतक्या कोण करता?" आणि त्या रात्री त्यांनी माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी केली. सात महिन्यांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी मी दाजींकडे गेलो. सकाळची वेळ होती, ते शिडाखाली बसले होते.

"माका सांगला तिना," माझ्या आधीच ते म्हणाले. "असा करू नको. माझ्यापायी खोटा बोलू नको."

"खोटं नाही. देवाशपथ."

"देवाक मधी घालू नको. तुमचो देव मासोसुदा खायत नाय. तेका कित्याक तरास?"

मग मला सुचलं. नऊ दिवस कोणाला सुचलं नव्हतं. मी घरात गेलो, हातभर दोर आणला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"दाजी, तुमची गाठ दोन हातांची आहे. एका हातानं बसतच नाही. एक टोक ओढून धरावं लागतं आणि दुसरं आतून घालावं लागतं. तुम्हीच शिकवलंत मला, शब्दांनी. हातानं दाखवता येईना म्हणून. आठवतं? म्हणजे ती तुम्ही मारणं शक्यच नाही."

ते दोराकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, दोन्ही बाजूंनी हललं असं मला वाटलं.

"खरा," ते म्हणाले. "दोन हात लागतत."

"लागतातच."

"थांब हां," ते म्हणाले.

त्यांनी दोराचं एक टोक खुर्चीच्या दांड्याभोवती टाकलं. सुटलं. परत टाकलं. मी शेजारी उभा होतो आणि प्रत्येक वेळी सुटलं की मला बरं वाटत होतं. दहा वेळा सुटलं. वनिताताई चहाचे कप उचलायला आल्या आणि दारातच थांबल्या. पंधराव्या की सोळाव्या वेळेला दाजींनी एक टोक दातांत धरलं, मान मागे ओढली आणि उजव्या हाताचं बोट आत घातलं. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. निर्जीव डावा हात त्यांनी कोपरानं ढकलून दोरावर वजनासारखा टेकवला.

"दाजी, राहू दे," मी म्हणालो.

त्यांनी ऐकलं नाही. दोर एकदा आवळला, त्यांनी दातांतलं टोक सोडलं, तोंडातला काथ्या थुंकला आणि दांड्याकडे बोट दाखवलं.

"बघ," ते म्हणाले. "बसता."

दीड वर्षात त्यांना पहिल्यांदाच आपली गाठ जमली होती. ते हसत होते. मग हसू अर्ध्यावर थांबलं आणि ते गाठीकडे बघायला लागले.

मी वाकून गाठ ओढून पाहिली. माझ्यापेक्षा चांगली बसली होती.